बटणांच्या दुकानावरची खोली

५ ऑक्टोबर

अक्का,

नमस्कार पोचला असं समजा. वाकून करण्याइतकी कंबर या शनिवार-रविवारनं शिल्लक ठेवलेली नाही.

फोन करत नाही, कारण तुम्हीच बजावलंय. तुमचा भाऊ माझ्या हातातून रिसीव्हर ओढतो, आम्ही दोघं एकदम बोलतो आणि तुम्हाला नुसती कलकल ऐकू येते. म्हणून पत्र. हे कंपनीत गेलेत, माझे पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत. सावकाश लिहिते.

डिसेंबरअखेर ह्यांचा करार संपतो आणि आम्ही घरी परततो, हे ठरलेलं आहे. छपाईची यंत्रं जुळवायला दोन वर्षं परदेशी जाऊ म्हणाले, मी शाळेतली पर्यवेक्षिकेची नोकरी मुदतीआधी सोडून सोबत आले, आता दोन वर्षं भरत आली. विषय संपला. पण गेल्या आठवड्यात ह्यांना साक्षात्कार झाला की एवढ्या मोठ्या शहरात राहून आपण शहर पाहिलंच नाही. ते खरं आहे. कंपनीची वसाहत, कंपनीची बस, कंपनीचं दुकान, कुंपणाच्या आत आपल्यासारखीच चार कुटुंबं आणि त्यांची तीच ती भांडणं.

"अक्कानं विचारलं, काय काय पाहिलंस, तर काय सांगशील?" हे म्हणाले.

"तुमचा डबा पाहिला म्हणून सांगेन. रोज दोनदा. भरताना आणि घासताना."

पण माझ्या बोलण्याचा उपयोग काय? जुन्या बाजारपेठेतल्या एका लॉजवर मला न विचारता खोली घेऊन ठेवली होती. खोली कसली, पलंगच तो. त्याच्याभोवती खेकड्यासारखं आडवं चालायचं. खिडकी उघडली की समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि तिच्यावर रात्रभर उघडझाप करणारा गुलाबी दिवा. मी डोळ्यांवर टॉवेल बांधून झोपले. हे म्हणतात, "किती जिवंत वस्ती आहे नाही!" जिवंत म्हणे. मला मारून जिवंत.

बाजारपेठ म्हणजे गल्ल्यांचं जाळं, आणि प्रत्येक गल्लीत एकच धंदा. एकीत नुसती कुलपं. दुसरीत नुसते आरसे. जिथं पाहावं तिथं मीच, दमलेली. तिसरीत दोऱ्याची रिळं छतापर्यंत. लाउडस्पीकर प्रत्येक दुकानाला वेगळा, आणि सगळे एकाच वेळी ओरडणारे. रस्ता ओलांडायचा तर जिने चढून पूल, पुलावरही दुकानं, उतरलो की आपण भलत्याच बाजूला. नकाशा ह्यांच्या हातात होता. तो ह्यांनी उलटा धरला होता हे मी तासाभरानं सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर "तुला काय कळतं" ऐकावं लागलं असतं.

त्यातून ह्यांची भाषा! वर्षभर कॅसेट लावून इथली भाषा शिकताहेत, तुम्हाला ठाऊक आहे. आता जो दिसेल त्याला "हे काय आहे?" विचारायचं. झाडू हातात घेऊन विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "अहो, झाडू आहे. दिसत नाही का?"

"मला दिसतं गं. शब्द हवाय."

दुकानदारानं शब्द सांगितला, ह्यांनी तीनदा घोकला, दुकानदार खूश, चार माणसं जमली, कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. पासष्टीचा माणूस, पण पहिला नंबर आल्यासारखा चेहरा. मी बाजूला उभी, दोन्ही हातांत पिशव्या.

रविवारी दुपारी बटणांच्या गल्लीत गेलो. एका दुकानावर चिठ्ठी चिकटवली होती. ह्यांनी अक्षरं लावून लावून वाचली: वर खोली भाड्यानं देणे आहे. मी म्हटलं, असेल, आपल्याला काय त्याचं? तर हे दुकानात शिरलेसुद्धा. बटणवाली माझ्याच वयाची, एकटी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं गल्ल्याला कुलूप घातलं आणि आम्हाला जिन्यानं वर नेलं. साधी लांबट खोली. भिंतींचा रंग उडालेला, एका बाजूला मोरी आणि शेगडीचा ओटा. ह्यांनी वितीनं भिंत मोजली. नळ सोडून पाहिला. मी खिडकीशी उभी राहिले. खाली सगळी गल्ली दिसते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुकानांच्या पाट्या एकाखाली एक टांगलेल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, काही तर माणसाएवढ्या उंच. वाऱ्यानं हलतात. पलीकडच्या माडीवर एक म्हातारा शिवणयंत्रावर बसला होता, त्याच्या मागं भिंतभर अर्धवट शिवलेल्या कोटांचे सांगाडे. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. हे "चल" म्हणाले तेव्हा भानावर आले.

निघताना ह्यांनी हात जोडले आणि तिच्या भाषेत ऐटीत म्हणाले, "आम्ही येतो." बटणवालीनं माझा हात दोन्ही हातांत धरला, मूठभर बटणं माझ्या पिशवीत कोंबली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. माणसं चांगली आहेत, त्याबद्दल माझं म्हणणं नाही.

आता पुरे. तीन महिने राहिलेत. मला सारखी तुमची काळजी वाटते. तुम्ही त्या घरात एकट्या, आम्ही इकडे. ह्यांनाही मी हेच सांगते, की अक्का एकट्या आहेत, आपल्याला गेलंच पाहिजे.

तुमची,
मास्तरीण

(तुम्हीच ठेवलेलं नाव. आता चिकटलं.)

&nbsp;

१७ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

नमस्कार पोचला. कंबरेला तेल लाव.

पत्र वाचून हसले आणि मग हसायची थांबले. त्यानं भिंत वितीनं मोजली? तुला या खानदानाची माहिती कमी आहे. आमचा धाकटा जे घ्यायचं नसतं ते मोजत नाही. सात वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या कुत्रीचं पिल्लू त्यानं असंच वितीनं मोजलं होतं, नाकापासून शेपटीपर्यंत. आठवड्याभरात पिल्लू आमच्या घरात. आईनं विचारलं, कुणी आणलं? तर म्हणे, तेच आलं. तेव्हा डोळे उघडे ठेव. टॉवेल बांधून झोपू नकोस.

एक गोष्ट मात्र त्यानं शहाण्यासारखी केली. निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणाला. तेही परक्या भाषेत. आम्हा भावंडांपैकी कुणी उंबऱ्यात "जातो" म्हटलं की आई परत आत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची आणि पुन्हा नीट म्हणायला लावायची. शाळेला उशीर झाला तरी. तिचं शिकवणं इतक्या लांब टिकलं, बरं वाटलं.

माझी काळजी करायचं कारण नाही. चाळीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, रात्री भिंतीवरून उड्या मारणाऱ्या मुली पकडल्या आहेत. मला कुणी उचलून नेणार नाही. घर ठीक आहे. आम्ही शेगडी बदलून घेतली, मागच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. गुडघा दुखतो, पण तो माझ्यापेक्षा जुना असल्यासारखा पूर्वीपासूनच वागतो.

पुढच्या पत्रात आधी मुद्द्याचं लिही: परत येताय ना?

अक्का

&nbsp;

२ नोव्हेंबर

अक्का,

मुद्द्याचं लिहिते. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय, आणि त्याला कारण तुमच्या आईंचं शिकवणं आहे. त्यांचा मान राखून लिहिते.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी संध्याकाळी वसाहतीच्या फाटकावरून निरोप आला, तुमच्याकडे बाई आल्यात. जाऊन पाहते तर बटणवाली. ह्यांनी दिलेला पत्ता विचारत, दोन बस बदलून आली होती. हातात पडद्याच्या कापडाचे चार तुकडे. एकेक माझ्या खांद्यावर टाकून पाहायला लागली. मला वाटलं, विकायला आलीय. मी मान हलवून "नको, नको" करतेय आणि ती दुसरा तुकडा काढतेय. शेवटी कंपनीतल्या दुभाषी बाईंना बोलावून आणलं. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "त्या विचारताहेत, पडदा कुठल्या रंगाचा हवा? खोली रंगवून झालीय. दोन भाडेकरू येऊन गेले, त्यांना त्यांनी परत पाठवलं."

"का परत पाठवलं?"

"तुम्ही राहायला येणार म्हणून. तुमच्या यजमानांनी निघताना शब्द दिला होता. 'आम्ही येतो' असं स्पष्ट म्हणाले."

अक्का, यांच्याकडे जाणारा माणूस "जातो" म्हणतो. सरळ. आणि "आम्ही येतो" याचा अर्थ आम्ही येतो, असाच होतो! आपण दारातून बाहेर पाऊल टाकताना उलटं बोलतो हे जगात कुणाला माहीत असणार? मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं, वरमतील. तर खो खो हसायला लागले. "म्हणजे माझे उच्चार इतके चांगले आहेत!"

"अहो, ती बाई पडदे शिवतेय!"

"मग शिवू दे. खोली चांगलीच आहे."

"चांगली आहे म्हणजे? डिसेंबरात आपण निघतोय."

"बघू," म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं. ते त्यांना अजून वाचता येत नाही.

मग मी हट्टच धरला. येत्या शनिवारी जायचं, बाईची माफी मागायची, काय ते स्पष्ट सांगायचं. दुभाषी बाईंकडून वाक्य लिहून घेतलं, ह्यांच्याकडून पाठ करून घेतलं. पुन्हा तेच पूल, तेच जिने, तीच कुलपं, तेच आरसे. खोलीत पाऊल टाकलं. भिंती पांढऱ्या, फरशी घासलेली, खिडकीशी दोन खुर्च्या. ह्यांनी वाक्य म्हटलं, चुकलं नाही. बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मान डोलावली. चहा दिला. फार सभ्यपणे सगळं पार पडलं. मी मनात म्हटलं, सुटलो. उठलो, जिन्यापाशी आलो, आणि तुमच्या भावानं हात जोडले आणि सवयीनं, अक्का, सवयीनं, तोंड भरून म्हणाले, "बरंय, आम्ही येतो!"

बाईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

खाली गल्लीत मी ह्यांना इतकी बोलले की रिळांच्या दुकानातला माणूस बाहेर आला. हे म्हणे, "अगं, तोंडातून निघून गेलं!" मी म्हटलं, तोंडातून निघालं की पोटातून? तर हे नकाशा उलगडायला लागले.

उत्तर सोमवारी मिळालं. दुभाषी बाईंनी अभिनंदन केलं माझं. कसलं? ह्यांनी कंपनीकडे आणखी दोन वर्षांची मुदत मागितलीय आणि कंपनीनं हो म्हटलंय. आणि कारण काय दिलंय? "पत्नीची इथं राहायची फार इच्छा आहे. तिला ती जुनी वस्ती अतिशय आवडली आहे." मी! माझी इच्छा!

रात्रीपासून आमच्यात फक्त डब्यापुरतं बोलणं आहे. तुम्ही काहीतरी करा. ह्यांना सणसणीत पत्र लिहा. तुमची तब्येत बरी नसते, गुडघा दुखतो, घरात एकट्या असता, हे जरा वाढवून लिहिलंत तरी चालेल. तुमच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत.

आणि एक. तुमच्या पत्रात "आम्ही शेगडी बदलून घेतली" असं वाक्य आहे. आम्ही कोण? तुम्ही स्वतःला आदरार्थी बहुवचन कधीपासून लावायला लागलात?

मास्तरीण

&nbsp;

१२ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुला बहुवचन सापडायचंच होतं. बरं झालं, मला लपवाछपवीचा कंटाळा आला होता.

जूनपासून मी एकटी नाही. आमच्या वसतिगृहाच्या ग्रंथपालबाई आणि दवाखान्यातल्या सिस्टर, दोघी निवृत्त, दोघींना मागे-पुढे कुणी नाही, दोघी माझ्याकडे राहायला आल्या आहेत. सिस्टर हॉलमागच्या खोलीत, आणि ग्रंथपालबाई तुमच्या खोलीत. होय, तुमच्या. तुझं टेबल त्यांनी हलवलेलं नाही, पण त्यावर त्यांची पुस्तकं आहेत. आधी लिहिलं नाही, कारण "खोली" म्हटलं की तू कशी होतेस हे मला माहीत आहे. वाटलं, समोरासमोर सांगेन.

तेव्हा गुडघा वाढवून लिहिणार नाही. धाकट्याला पत्र लिहिणार नाही. मी एकटी आहे, म्हातारी झाले, माझं कसं होईल, असलं काहीही माझ्या नावावर खपवायचं नाही. मी वसतिगृहात मुलींना एकच गोष्ट शिकवली: सुट्टी हवी असेल तर आजी मेली म्हणून सांगू नका, सुट्टी हवीय म्हणा. तुम्ही दोघांनी या वयात काय चालवलंय? तो तुझ्या पदराआड लपतो, तू माझ्या पदराआड. आणि माझ्या पदराला आधीच भोकं आहेत.

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून वाचली. ह्यांना हवंय, ह्यांनी केलं, अक्कांना गरज आहे, अक्का एकट्या आहेत. जिथं तिथं दुसऱ्याच कुणाचं नाव. तू शाळेत पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं "कर्ता कुठे?" लिहायचीस ना? तेच मी तुला विचारते. तुझ्या वाक्यातला कर्ता कुठे आहे?

एकच जागा मला खरी वाटली. पहिल्या पत्रातली खिडकी. बाकी सगळं पत्र कुरकुर, आणि खिडकीशी आल्यावर मात्र पाट्यांचे रंगसुद्धा लिहिलेस. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, म्हणतेस. बाई गं, तुला ती खोली आवडलीय. ते त्याला कळलंय, तुझं तुलाच कळत नाही. असं असेल तर सरळ राहा तिथं. दोन वर्षं काय, चार राहा. माझी परवानगी लागत असेल तर दिली.

आणि यायचं असेल तर ये. पण मग तू ये. माझ्यासाठी नको. तसं एका ओळीत लिहिलंस की मी एका दिवसात खोली रिकामी करते. ग्रंथपालबाई काही बोलणार नाहीत.

अक्का

&nbsp;

२४ नोव्हेंबर

अक्का,

मला यायचंय.

ही ती एक ओळ. आता बाकीचं.

तुमचं पत्र वाचून मला इतका राग आला की दोन दिवस उत्तराला हात लावला नाही. माझी खोली मला न विचारता दिलीत, ते एक. वर मला व्याकरण शिकवलंत. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की खिडकी तुम्ही साफ चुकीची वाचलीत. मला ती खोली आवडली म्हणून मी तिथं उभी नव्हते. त्या गल्लीत शे-दीडशे पाट्या असतील आणि मला त्यातली एक वाचता येत नव्हती. एक तरी अक्षर ओळखीचं सापडेल म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते. रंग लक्षात राहिले, कारण रंगच तेवढे वाचता येत होते. तीस वर्षं मी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. घरी मी रस्त्यानं चालले तरी दुकानाची चुकलेली पाटी दिसली की आत जाऊन सांगते, तुम्ही हसता त्यावर. इथं दोन वर्षं मी अंगठेबहाद्दर आहे. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला मला नवरा लागतो.

हे मी ह्यांना बोलले. सगळं, याच शब्दांत. दुभाषी बाईंना, कंपनीला, तुम्हाला मध्ये न घालता. ह्यांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला आवडलं. तू इतका वेळ उभी होतीस."

म्हणजे तुम्ही भावंडं एकाच चष्म्यातून वाचता.

मी विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय? माझं नाव न घेता सांगा."

"घरी जाऊन मी काय करू?" म्हणाले. "इथं सकाळी यंत्र बंद पडलं की माझी वाट बघतात. तिथं माझी वाट कोण बघतंय? भाजीवाला?"

मी म्हटलं, भाजीवालासुद्धा नाही, कारण भाजी मीच आणते. त्यावर दोघंही हसलो. या महिन्यातलं पहिलं हसू. पण हसल्यानं प्रश्न सुटत नाही. त्यांना राहायचंय, मला यायचंय. पस्तीस वर्षं एकाच्या मागे दुसरा गेला म्हणजे पुढेही जायलाच हवं असं कुठं लिहिलेलं नाही. मी एकटी येते. ह्यांनी दोन वर्षांची मुदत सहा महिन्यांवर आणलीय, नवं यंत्र बसेपर्यंत. तेवढ्यात भातात पाणी किती घालायचं हे ते शिकतील किंवा बारीक होतील. दोन्ही चांगलंच आहे.

मग राहिली बटणवाली. ह्यांची कल्पना अशी की सहा महिने आपण तिच्या खोलीवर राहावं, तिचाही शब्द राहील. मी म्हटलं, तुम्ही तोंड उघडायचं नाही, मी जाते. शनिवारी एकटी गेले. दोन बस, पूल, जिने. नकाशा सरळ धरला, चुकले नाही. भाषा येत नाही तर येत नाही. स्वतःकडे बोट दाखवलं, हातानं विमान उडवलं, दोन्ही हात आडवे हलवले. तिला चटकन कळलं. मग मी ह्यांच्या उंचीएवढा हात वर करून खोलीकडे बोट दाखवलं, की हे राहतील. तर बाईनं दोन्ही हात असे झटकले की जणू झुरळ आलंय! नको, नको. पुरुषमाणूस नको. मला खुर्च्यांपाशी नेलं. एकीवर तिनं स्वतःची उशी ठेवली होती. ती खुर्ची तिची. दुसरी माझी. तिला भाडेकरू नको होता, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर शेजारी बसायला कुणी हवं होतं. मी दुसऱ्या खुर्चीत बसले. आम्ही दोघी चहा प्यायलो, ती तिच्या भाषेत बोलत राहिली, मी माझ्या. बहुतेक दोघीही आपापल्या नवऱ्याबद्दल बोलत असू, कारण मान एकाच वेळी हलत होती. अंधार पडायच्या आत निघाले. जिन्यात तिला स्पष्ट सांगितलं, "जाते." मराठीतच. तुमच्या आईंची क्षमा मागून.

दोन दिवसांनी तिच्याकडे एक शिंपीणबाई राहायला आल्या, असं दुभाषी बाई सांगत होत्या.

माझं बावीस डिसेंबरचं तिकीट मिळतंय. खोली हवी. टेबलही हवं, रिकामं. मी आल्यावर प्रौढांचे वर्ग घेणार आहे, ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांचे. हॉल लागेल. आधीच सांगते, नंतर कुरकुर चालणार नाही.

मास्तरीण

अक्का, खालच्या जागेत मी लिहितोय. हिनं एवढीच जागा सोडली आहे. रागावू नकोस. जूनमध्ये येतो. खरंच येतो, निघताना म्हणतात तसं नाही. भातात पाणी किती घालायचं ते तूच कळव, हिला विचारलं तर ऐकून घ्यावं लागेल. तुझा धाकटा.

&nbsp;

४ डिसेंबर

मास्तरीणबाई,

धाकट्याला सांग, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. त्याचं बोट, माझं नव्हे.

खोली रिकामी झाली. ग्रंथपालबाईंनी हूं की चूं केलं नाही. त्या माझ्या खोलीत आल्या आणि पहिल्याच रात्री कळलं की त्या घोरतात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "हो का अक्का? मग मी जागी राहीन." आता अशा माणसाशी काय बोलायचं! टेबल पुसून ठेवलं. त्याचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घालू नकोस, सुतार येऊन जाईल. हॉल आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मिळेल, रोज नाही. सिस्टरना त्या वेळी रेडिओ लागतो. फळा तुझा तू आण. माणसं मी गोळा करते. आपल्या दूधवाल्याच्या आईपासून सुरुवात केलीय, ती म्हणते, शिकवणारी मारकी आहे का? मी म्हटलं, आहे.

खिडकी मी चुकीची वाचली. ठीक आहे. धाकट्यानंही तशीच वाचली म्हणून मला फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

घ्यायला येणार नाही. गुडघा खरंच दुखतोय, वाढवून लिहीत नाहीये. टॅक्सी कर.

आणि मी एकटी नाही, हे लिहिलं ते खरंच होतं. दोघी चांगल्या आहेत. माझं सगळं ऐकतात. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "छान झालीय अक्का" म्हणतात. चुकीची तारीख सांगितली तर तीच खरी धरून चालतात. जूनपासून या घरात माझं एकही वाक्य कुणी खोडलेलं नाही. असं फार दिवस राहिलं की माणूस नासतो.

बावीसच्या आधीचं तिकीट मिळतं का बघ.

अक्का